दुधाच्या हिशोबातली लाल टिंबं

शेवंती_नवी | १ ऑगस्ट, रात्री ११.५२

हा आयडी खास या धाग्यासाठी काढला आहे. एरवी मी इथे पाककृतींच्या पानावर बरीच वर्षं वावरते. लिहिण्यावरून कुणी ओळखलंत तर मनातच ठेवा, ही विनंती.

मी ४१ वर्षांची. राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. घरात नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. महिना संपला म्हणून काल दूधवाल्याचा हिशोब करायला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. आमच्याकडे तारखेच्या चौकटीत पिशव्यांचा आकडा लिहितात, खाडा असेल तर फुली. तर काही चौकटींच्या कोपऱ्यात लाल स्केचपेनची टिंबं. मागचं पान पाहिलं, जूनमध्येही होती. लेकीला विचारलं, 'हे शाळेचं काही आहे का गं?' आधी 'काही नाही' म्हणाली. मग आजीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथून म्हणाली, 'तू फुटतेस ना, त्या दिवशी देते मी.'

दोन महिन्यांत चौदा टिंबं.

'फुटणं' हा शब्द तिचा, आणि तो बरोबर आहे. चिडतात सगळेच. माझं तसं नसतं. शेवटचं टिंब २४ जुलैचं, तेच सांगते. नेहमीची लोकल चुकली, पुढच्या गाडीत दारात उभं राहून आले. घरी आल्यावर ओट्यावर लेकीचा डबा, न उघडलेला. तोंडल्याची भाजी आंबली होती. एवढंच. मी डबा मोरीत आपटला, झाकण उडून फ्रीजला लागलं, तिथे आता पोचा आहे. मग दहा-पंधरा मिनिटं मी काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. नवऱ्याचं बूड हलत नाही इथपासून ते 'मी मेले तरी डबा मीच भरायचा' इथपर्यंत. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर सगळे कमालीचे शहाण्यासारखे वागत होते. सासूबाई हळूच म्हणाल्या, 'कुकर लावलाय हं.' ते जास्त लागलं.

मारलेलं नाही कधी. ऑफिसात मी शांत म्हणून प्रसिद्ध आहे, यावर हसायचं की रडायचं कळत नाही.

कृपया 'शांत राहा' सांगू नका. शांत राहायचं असतं हे मला कळतं. ज्या मला ते कळतं, ती त्या दहा मिनिटांत घरात नसते.

नाथाभाऊ | २ ऑगस्ट, सकाळी ६.१०

ताई, इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना करून या. माझ्या मेव्हण्याचा राग कायमचा गेला. खर्च काही नाही.

सिस्टर_मंगल | २ ऑगस्ट, सकाळी ७.०५

शेवंती, मी निवृत्त परिचारिका आहे, त्यातली बरीच वर्षं मनोरुग्ण विभागात काढली. सल्ला नंतर देते. आधी एक काम कर. ती चौदा टिंबं कुठल्या कुठल्या तारखांना आहेत ते इथे लिही. आणि त्या दोन महिन्यांत पाळी कधी आली तेही.

नाथाभाऊ, विपश्यना चांगलीच आहे, पण दहा दिवस मौन आणि बसणं हे सगळ्यांना सगळ्या वेळी झेपत नाही. तिथल्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल आधी विचारतात, ते उगाच नाही. आणि ही बाई दहा दिवस रजा काढून गेली तर परत आल्यावर ओट्यावर किती डबे असतील त्याचा विचार करा.

ओवा_मीठ | २ ऑगस्ट, सकाळी ९.३०

शेवंती, मी पुरुष, ४७, नाशिक. तुमचा फ्रीज, माझा मिक्सर. २०१९ मध्ये चटणीचं भांडं झाकणासकट भिंतीवर फेकलं होतं, कारण विचारू नका, कारण नव्हतंच. बायको माहेरी गेली नाही, पण बॅग भरून दाराशी ठेवली. चार दिवस ती बॅग तिथेच होती. पाचव्या दिवशी मी समुपदेशकाकडे गेलो.

तिथे विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकलो. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञाने १९५५ च्या सुमारास सुरू केलेली, आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली. थोडक्यात असं, की घटना आणि भावना यांच्या मध्ये एक वाक्य असतं, आपण स्वतःशी म्हटलेलं. ते पकडायचं. मला माझ्या समुपदेशक बाईंनी 'च' शोधायला सांगितला. 'तिने मला विचारायलाच हवं होतं.' 'घर आवरलेलंच असलं पाहिजे.' आपल्या भाषेत ही सोय फार छान आहे, हट्ट एका अक्षरात सापडतो. 'विचारलं असतं तर बरं झालं असतं' असं म्हटलं की वाईट वाटतं, पण मिक्सर जागेवर राहतो.

हे ऐकायला शाळकरी वाटतं. मलाही वाटलं होतं. सहा महिने वही भरली तेव्हा कुठे.

पिंट्या_रॉक्स | २ ऑगस्ट, सकाळी ११.१५

राग दाबू नका ताई, बाहेर काढा. जुनी उशी घ्या आणि धू धू धुवा. माझ्या जिममध्ये पंचिंग बॅग आहे, लय हलकं वाटतं.

ओवा_मीठ | २ ऑगस्ट, दुपारी १२.०२

पिंट्या, हे तपासून झालंय रे. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या संशोधकाने सहाशे विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत बॅग बडवायला लावली, काहींना व्यायाम म्हणून बडवायला लावली, काहींना नुसतं बसवलं. चिडवणाऱ्याला आठवत बडवणारे सगळ्यात जास्त संतापलेले आणि आक्रमक निघाले, नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक. हलकं वाटतं हे खरं. पण तो रियाज होतो, रागाचा.

शेवंती_नवी | २ ऑगस्ट, रात्री १०.४०

सगळ्यांचे आभार. इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

सिस्टर, तारखा. जून : ८, १०, ११, १२, १३, १९, २६, २९. जुलै : ६, ८, ९, १०, १७, २४. पाळी १४ जूनला आणि ११ जुलैला आली.

लिहितानाच अंगावर काटा आला. तुम्हाला आधीच कळलं होतं ना?

सिस्टर_मंगल | ३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आधी कळलं नव्हतं गं, पण विचारायची सवय आहे. चौदातली नऊ टिंबं पाळीच्या आधीच्या आठवड्यात. पाळी आली की थेट थांबली, दोन्ही महिने.

पाळीआधी चिडचिड पुष्कळजणींना होते, ते वेगळं. पण शंभरातल्या तीन ते आठ जणींना ती इतकी तीव्र होते की घर, काम, नाती त्यात होरपळतात. तिला पीएमडीडी म्हणतात. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने तिला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. त्याआधी अशा बायकांना 'तिला असं होतं अधूनमधून' एवढंच सांगून घरी पाठवत, मी पाहिलंय. हार्मोन्सची पातळी बहुतेकींची नेहमीसारखीच असते. त्या पातळीतल्या चढउताराला मेंदू जास्त तिखट प्रतिक्रिया देतो. म्हणून हार्मोनची रक्ततपासणी करून ते दिसत नाही. कशाने कळतं माहीत आहे? निदान दोन चक्रं रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदीने. आठवून सांगितलेलं चालत नाही, कारण आठवण आपल्या सोयीने लिहिते. तुझ्या लेकीनं निम्मं काम न सांगता करून ठेवलंय.

पण थांब, लगेच शिक्का मारून घेऊ नकोस. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघ, झोप किती होते ते बघ. चाळिशीत पाळी जाण्याच्या आधीचे बदलही सुरू होऊ शकतात. काही औषधांनी चिडचिड वाढते, स्टिरॉइड किंवा फिटवरची काही औषधं, तसलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांग. आणि पीएमडीडी निघालंच तर उपाय आहेत, काहींना गोळ्या चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यातच घ्याव्या लागतात. ते ठरवायचं स्त्रीरोगतज्ज्ञाने किंवा मनोविकारतज्ज्ञाने, माझ्यासारख्या फोरमवरच्या म्हातारीने नाही.

उरलेली पाच टिंबं मला कळली नाहीत.

दिवेलागण | ३ ऑगस्ट, सकाळी ८.२०

१९ जून, २६ जून, १७ जुलै, २४ जुलै. कॅलेंडर काढून पाहिलं, चारही गुरुवार आहेत. शेवंतीताई, गुरुवारी काय असतं?

शेवंती_नवी | ३ ऑगस्ट, सकाळी ८.३१

उपवास.

शेवंती_नवी | ३ ऑगस्ट, सकाळी ८.३४

लोकलमध्ये आहे, म्हणून एका शब्दात लिहिलं. दत्ताचा उपवास, लेकीच्या वेळेपासून धरलाय. सकाळी चहा, दुपारी जमलं तर साबुदाणा नाहीतर पुन्हा चहा. रात्री सोडते. ६ जुलैला आषाढी होती, तोही उपवास. बाई गं.

२९ जूनचं मात्र आठवतच नाही.

कडूकारलं | ३ ऑगस्ट, दुपारी १.१५

सगळं वाचलं. सिस्टरांचा आदर आहे, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. एक बाई पहाटे उठून चार डबे भरते, दीड तास गाडीत लोंबकळते, दिवसभर राबते, परत लोंबकळत येते आणि ओट्यावर आंबलेला डबा तिची वाट बघत असतो. ती फुटली. आणि आपण शोधतोय की तिच्या शरीरात काय बिघडलंय!

माझ्या आईला जन्मभर 'हिची तारीख जवळ आली वाटतं' म्हणून गप्प बसवलं. तिचं म्हणणं बरोबर होतं का हे कुणी कधी पाहिलं नाही. शेवंती, सरळ प्रश्न विचारते. तो डबा तुझ्या आधी घरी पोचलेल्या माणसाने का धुतला नव्हता?

शेवंती_नवी | ३ ऑगस्ट, रात्री ११.०५

मी यायच्या आधी दीड तास नवरा घरी येतो. बँकेची कामं, रविवारची भाजी, लेकीचं गणित हे तो करतो. वाईट माणूस नाही तो. पण हे टाइप करताना मला असं वाटलं की मी त्याची वकिली करतेय, म्हणून थांबते.

खरं सांगू? त्या दहा मिनिटांत मी जे बोलते त्यातलं निम्मं खरं असतं. पण त्या आवाजात बोलल्यामुळे ते कुणाला ऐकूच जात नाही. दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलायला जावं तर मला इतकी लाज वाटत असते की मीच माफी मागून मोकळी होते. विषय तिथेच राहतो.

सिस्टर_मंगल | ४ ऑगस्ट, सकाळी ६.४०

कडूकारलं, तुझं पटलं. डोळे आलेले असताना कांदा चिरला तर पाणी कशामुळे येतं? दोन्हींमुळे. डोळ्यांत औषध घालायचं आणि कांदा दुसऱ्या कुणीतरी चिरायचा.

सायली_समुपदेशन | ४ ऑगस्ट, सकाळी १०.२५

मी पुण्यात समुपदेशक आहे. 'ती मी त्या दहा मिनिटांत घरात नसते' हे शेवंतीताईंचं वाक्य मी आमच्या प्रशिक्षणार्थींना सांगणार आहे (परवानगी द्याल?).

ते शब्दशः घ्या. भावना कळसाला असते तेव्हा तर्क करणारा भाग मागे पडतो. म्हणून ओवाकाकांची 'च'वाली वही सोन्यासारखी आहे, पण ती आधी आणि नंतर वापरायची. स्फोट चालू असताना वही उघडून उपयोग नाही, तेव्हा शरीराकडूनच आत शिरावं लागतं. मार्शा लिनेहन या सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी खूप तीव्र भावना असणाऱ्यांसाठी एक उपचारपद्धती बसवली, तिचं तपशीलवार लिखाण १९९३ मध्ये आलं. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच त्या अवस्थेत इस्पितळात होत्या. त्यामुळे त्यांचे उपाय पोथीतले वाटत नाहीत.

एक उपाय सांगते. मोठ्या भांड्यात फ्रीजचं गार पाणी घ्यायचं, श्वास रोखून चेहरा, म्हणजे डोळे आणि गालाचा वरचा भाग, पाण्यात बुडवायचा. पंधरा ते तीस सेकंद. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर जे करतं तेच तेव्हा होतं, हृदयाचे ठोके उतरतात. हृदयविकार असेल, ठोके आधीच कमी असतील, तर हे करू नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरं, तिथून निघणं. जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांचे ठोके मोजले होते. शंभराच्या वर गेले की समोरच्याचं ऐकू येणं जवळजवळ बंद होतं, आणि खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी परत येऊन 'हां, तर मी काय म्हणत होते' केलंत की दुसरा अंक. पण घरात लहान मूल असताना न बोलता निघून जाऊ नका, त्याला वाटतं आई गेली. वेळ सांगून जा. 'मी गच्चीत जाते, नऊला येते', आणि नऊला या.

अजून एक. स्फोटानंतर, दुसऱ्या दिवशी, साखळी लिहा. डब्यापासून नको, मागे मागे जात. लोकल चुकली, त्याआधी काय, दुपारी काय खाल्लं, रात्री किती झोपलात, कुणाचा मेसेज आला. डबा हा शेवटचा दुवा होता. तो नसता तर चप्पल असती. मधला एखादा दुवा तोडणं सोपं असतं, आणि तो बहुतेक वेळा फार किरकोळ निघतो.

रानजाई | ४ ऑगस्ट, दुपारी ३.५०

थोडं अवांतर. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, वय अकरा. त्याचंही 'फुटणं' असतं, पण ते आवाज, गर्दी, लग्नातला बँड यांनी. हट्ट करणारं मूल मधे मधे बघतं, आपल्याकडे कुणी बघतंय का. हा बघत नाही, त्याला कुणी दिसतच नसतं. समजावणं, रागावणं, लाडू दाखवणं, सगळं फुकट. दिवा बंद, आवाज बंद, आणि मी तीन फुटांवर जमिनीवर बसून राहते. हे सांगायचं कारण, तुमच्या त्या दहा मिनिटांत घरच्यांनीही हेच करावं का? समजावू नये, 'कुकर लावलाय' इतकंच म्हणावं. तुमच्या सासूबाई मला भारी वाटल्या.

गेटची_कडी | ५ ऑगस्ट, रात्री १.१०

वाचून दोन दिवस झाले, लिहू की नको चाललं होतं.

मी त्या टिंब देणाऱ्या मुलीच्या जागी होतो. बाबा फुटायचे. त्यांची लुना होती. ती स्टँडवर कशी लावली जाते त्या आवाजावरून मला कळायचं आजची संध्याकाळ कशी जाणार. एकदा पाय मारला तर ठीक. दोनदा, आणि मग गेटची कडी जोरात, तर मी पुस्तक घेऊन माळ्यावर. मी आता ५२ वर्षांचा आहे, आमच्या सोसायटीत कुणाची गाडी जोरात स्टँडला लागली की अजून माझी मान वर होते.

दुसऱ्या दिवशी बाबा जिलबी आणायचे. कुणी काही बोलायचं नाही, सगळे जिलबी खायचे. मी जिलबी खात नाही. बायकोला वाटतं मला साखरेची भीती आहे.

शेवंती, तुमच्या मुलीने तुम्हाला सांगितलं. आजीच्या मागे उभं राहून का होईना, सांगितलं. मी बाबांना कधी सांगू शकलो नाही, आणि ते गेले. म्हणजे तिला अजून तुमची तेवढी भीती नाही, हे लक्षात घ्या.

पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. सगळे त्या टिंबांचं कौतुक करताय, निम्मं निदान झालं वगैरे. नऊ वर्षांचं पोर रोज संध्याकाळी आईचा चेहरा बघून ठरवतंय की आज टिंब द्यायचं की नाही. ते तिचं काम नाही. माझं लुना ऐकणं होतं तसंच आहे हे. नोंद ठेवा, पण ते लाल पेन तिच्या हातातून घ्या.

आणि माफी मागताना 'पण' लावू नका. 'चुकलं, पण तू डबा संपवला असतास तर' ही जिलबीच आहे.

सिस्टर_मंगल | ५ ऑगस्ट, सकाळी ६.३५

गेटची_कडी, तुम्ही बरोबर, मी चुकले. मला नोंद दिसली, नोंद करणारी दिसली नाही.

कडूकारलं | ५ ऑगस्ट, सकाळी ९.१०

वरच्या दोन्हींना +१. डोळे पुसून लिहितेय.

वाचनमात्र_११ | ५ ऑगस्ट, दुपारी २.२२

माझ्याकडे उलटं आहे. मिस्टर फुटतात. मोबाइल फोडला, दारावर लाथ, मागच्या महिन्यात माझा हात पिरगाळला. नंतर रडतात, पाया पडतात. गार पाण्याचं त्यांना सांगू का?

सायली_समुपदेशन | ५ ऑगस्ट, दुपारी २.४०

ताई, नको. हे वेगळं आहे आणि ते सुधारणं तुमच्या अंगावर घेऊ नका. तुमच्यावर हात टाकला गेला आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तिथे बोला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाण येते तशी धमकावणं, अपमान करणंही येतं. एक बघा, साहेबांसमोर त्यांचा असा स्फोट होतो का? घरातच होत असेल तर ते थांबू शकतात हे त्यांना माहीत आहे. मला खाजगी संदेश करा.

इतर वाचकांसाठी : टेली मानस, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा आहे. समुपदेशकाची फी परवडत नाही किंवा गावात कुणी नाही, त्यांनी तिथून सुरुवात करा.

शेवंती_नवी | ६ ऑगस्ट, रात्री ११.३०

वाचनमात्रताई, तुमच्याकडे लक्ष लागलं आहे. सायलीताईंशी बोलाच.

गेटची_कडी, तुमची पोस्ट मी बाथरूममध्ये वाचली, या वेळी नळ न सोडता. नवऱ्यालाही वाचायला दिली. काही बोलला नाही. सकाळी उठले तर रात्रीचे डबे घासून पालथे घातलेले होते. एकाचं झाकण दुसऱ्याला लावलं होतं, पण असो.

आता जरा वेळ घेते. दोन महिने लिहून मग परत येते.

शेवंती_नवी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. कुणी आहे का?

पेनाचं आधी सांगते. लेकीला म्हटलं, आता हे मी लिहिणार, हे माझं काम आहे, तुझं नाही. तिने पेन पाठीमागे लपवलं. म्हणाली, 'तू खोटं लिहिशील.' मला काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, मी कॅलेंडरवरच लिहिणार, सगळ्यांना दिसेल असं, तुला वाटलं तर बघ, नाही वाटलं तर नको बघूस. दोन दिवस विचार करून तिने पेन दिलं. माफी मागितली, 'पण' न लावता. ते जिभेच्या टोकावर चार वेळा आलं होतं.

रोज लिहिलं. टिंब, झोपेचे तास, काय खाल्लं. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ती पानं खरंच पाहिली, मला वाटलं होतं हसतील. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, थायरॉइड ठीक. दुसऱ्या अर्ध्यात घ्यायची गोळी सप्टेंबरपासून चालू आहे, त्याबद्दल इतक्यात काही सांगणं घाईचं होईल. एका महिन्यात दोन टिंबं कमी झाली म्हणून नाचत नाही.

गुरुवारचं मात्र सुटलं. सासूबाईंना भीत भीत सांगितलं की उपवास बंद करावा म्हणते. त्या म्हणाल्या, 'बंद कशाला? महाराजांनी उपाशी लोकलमध्ये लोंबकळायला कधी सांगितलंय?' आणि पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे घातले. ऑफिसातून निघताना खाते. ऑगस्टपासून गुरुवारचं एकही टिंब नाही. इतकी वर्षं मी ज्याला माझा स्वभाव समजत होते त्यातला काही भाग चक्क भूक होती, हे पचायला जड गेलं.

गार पाणी दोनदा केलं. पहिल्यांदा परातीत, अर्धं पाणी ओट्यावर. दुसऱ्यांदा पुरणाच्या पातेल्यात, ते जमलं. राग गेला नाही, पण फेकावंसं वाटणं गेलं. नवरा बाहेरून विचारत होता, 'तू पाण्यात काय शोधतेयस?' हसूच आलं.

डब्यांचं ठरलं आहे. जो आधी येईल तो घासणार. पंधरा दिवस चाललं, मग गणपतीत बिघडलं, मग मी साध्या आवाजात बोलले, मंगळवारी, पोटभर जेवून. साध्या आवाजात बोललेलं ऐकू येतं, असं दिसतंय. तरी त्याने तोंड वाकडं केलंच, ते मी लिहून ठेवलं आहे.

२९ जून आठवला. माझ्या आईचा फोन आला होता. त्याचा वेगळा धागा होईल.

कडूकारलं | १२ ऑक्टोबर, रात्री १०.४८

आहोत गं. एकूण टिंबं किती ते सांग. आणि लेक बघते का कॅलेंडर?

शेवंती_नवी | १२ ऑक्टोबर, रात्री ११.२०

ऑगस्टमध्ये पाच, सप्टेंबरमध्ये तीन.

बघते. बोलत नाही काही. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी फुटले, तसं लहानच होतं, पाच मिनिटांत गच्चीत गेले आणि वेळेत परत आले. त्या गडबडीत टिंब द्यायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहू दिलं. सकाळी चहाला उठले तर लाल पेन कॅलेंडरच्या खाली ओट्यावर ठेवलेलं, टोपण काढून.

दिलं टिंब. रात्रभर उघडं राहिल्यामुळे पेन वाळलं होतं, दोनदा गिरवावं लागलं. नवीन आणायचं आहे.